बायोमेडिकल घ्यावं का? आधी सांगा, किती रुपयांना?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीत पर्सेंटाइल बरे आहेत, पण कॉम्प्युटरला नावाजलेलं कॉलेज मिळण्याइतके नाहीत. तिला मात्र बायोमेडिकल इंजिनिअरिंगच करायचं आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आजी बरेच दिवस आयसीयूत होती, तेव्हापासून हिला डॉक्टरांपेक्षा तिथल्या यंत्रांचंच कुतूहल जास्त. एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. त्यासाठी १० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. त्यांच्या माहितीपत्रकात ‘सरासरी पॅकेज साडेसहा लाख’ असं छापलं आहे. माझी नोकरी सहा वर्षं उरली आहे. मेहुणे म्हणतात, एवढं कर्ज काढायचंच तर कॉम्प्युटर घ्या. या शाखेत पगार कसा मिळतो? कर्ज फिटेल का?
– एक पालक, सातारा

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण तिसरा राहून गेला आणि खरा तोच आहे : ही पदवी केवढ्याला मिळते आहे? बायोमेडिकलची पदवी दीड-दोन लाखांत पदरात पडत असेल, तर तुमच्या मुलीसारख्या हौशी विद्यार्थिनीला ‘डोळे झाकून घे’ म्हणता येईल. तीच पदवी, तोच अभ्यासक्रम दहा लाखांच्या कर्जावर घ्यायचा असेल, तर माझं उत्तर बदलतं. शाखा चांगली की वाईट यावर घरोघरी वाद झडतात, किमतीचा विषय मात्र प्रवेशाच्या दिवशी डीडी काढतानाच निघतो.

आधी त्या साडेसहा लाखांचं पाहू. समजा, वर्गात तीस मुलं आहेत आणि कॉलेजमार्फत दहा जणांना नोकरी लागली. एकाला परदेशी सॉफ्टवेअर कंपनीत २४ लाख मिळाले, दोघं आयटीत गेले आणि त्यांना ८-८ लाख मिळाले. उरलेले सात जण रुग्णालयांत आणि यंत्रं विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांत साडेतीन लाखांवर लागले. बेरीज साडेचौसष्ट लाख, भागिले दहा, सरासरी ६.४५ लाख. आकडा खोटा नाही, फक्त त्या दहांपैकी एकालाही तेवढा पगार नाही. शिवाय ज्या तीन जणांनी सरासरी वर ओढली, त्यांपैकी एकही जण बायोमेडिकलचं काम करत नाही. आणि नोकरी न लागलेले वीस जण तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

म्हणून कॉलेजात गेलात की सरासरी विचारू नका. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. याला मध्यक म्हणतात, इंग्रजीत मीडियन. वर्गात किती होते, नोकरी किती जणांना हवी होती आणि मिळाली किती जणांना, तेही विचारा. पदाचं नाव विचारायला संकोचू नका. ‘बायोमेडिकल इंजिनिअर’, ‘सर्व्हिस इंजिनिअर’ आणि ‘प्रोसेस असोसिएट’ ही तीन वेगळी आयुष्यं आहेत. पॅकेज म्हणून जो आकडा सांगतात तो बहुधा सीटीसी असतो. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कधी विमा, कधी वर्षअखेरीस ‘कामगिरीनुसार’ मिळणारी रक्कमही धरलेली असते. बँकेचा हप्ता जातो तो हातात पडणाऱ्या पगारातून.

यातलं थोडं तुम्हाला घरबसल्याही कळेल. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, पुढे शिकायला किती गेले, हे सगळं असतं. माहितीपत्रकाशी ताडून पाहा. फक्त एक लक्षात ठेवा, तो आकडा चार वर्षांच्या सगळ्या पदव्यांचा मिळून असतो. कॉम्प्युटरची मोठी तुकडी आणि बायोमेडिकलची छोटी तुकडी एकाच मापात मोजली जाते. म्हणून शाखेपुरता आकडा विभागप्रमुखांकडेच मागायचा. तो आढेवेढे न घेता देणारा विभागप्रमुख भेटला, तर त्या कॉलेजबद्दल माझं मत लगेच एक पायरी वर जाईल.

आता काम कसलं असतं ते सांगतो, कारण पगाराचा उगम तिथेच आहे. या शाखेची मुलं कृत्रिम हृदय बनवतात असं चित्र पालकांच्या मनात असतं. तसंही घडतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, आणि या देशातल्या अभियांत्रिकीने अभिमान बाळगावा असं ते काम आहे. पण असं संशोधन करणाऱ्या जागा मोजक्या, आणि तिथे बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. लागते. बी.ई. झालेल्या मुलीसमोर पहिलं दार उघडतं ते बहुतेक वेळा रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाचं.

हा विभाग पुष्कळदा तळघरात असतो. टेबलावर उघडलेला मॉनिटर, कोपऱ्यात बॅटरी गेलेले सिरिंज पंप, भिंतीवर कुठल्या यंत्राची एएमसी (वार्षिक देखभाल करार) कधी संपते त्याचा तक्ता. सकाळची फेरी असते. पंपावर ताशी ५ मिलिलिटर लावायचं आणि मोजणीयंत्रावर खरोखर किती पडतं ते पाहायचं. डिफिब्रिलेटरचा झटका ॲनालायझरमध्ये सोडायचा, २०० जूल लावले तर किती बाहेर पडले त्याची नोंद करायची. मग पुढची तारीख लिहिलेला स्टिकर यंत्रावर चिकटवायचा. एनबीएच मानांकनाची तपासणी जवळ आली की याच नोंदवह्यांना सोन्याचा भाव येतो. रात्री व्हेंटिलेटरने अलार्म दिला आणि सिस्टरांनी फोन केला की जावं लागतं. जबाबदारी मोठी, पण पहिली काही वर्षं पगार जबाबदारीच्या मानाने तुटपुंजा, अशी या पेशातल्या मंडळींची तक्रार असते, आणि मला ती रास्त वाटते. रुग्णालयाच्या हिशेबात हा विभाग खर्चाच्या बाजूला बसतो, म्हणून पगारवाढीच्या रांगेतही मागे राहतो.

दुसरं दार सर्व्हिस इंजिनिअरचं : कंपनीची नोकरी, हाताखाली चार-पाच जिल्हे, बॅगेत सुटे भाग आणि आठवड्यातले तीन दिवस एसटीत नाही तर बाइकवर. इथे पैसा थोडा बरा आणि शिकायला भरपूर. पण या जागांवर इलेक्ट्रॉनिक्सची, इन्स्ट्रुमेंटेशनची मुलंही घेतात, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेलीही घेतात. तुमच्या हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या नोकरीला तीन-चार प्रकारची माणसं चालतात, तिचा पगार त्यांतला सर्वांत कमी खर्चात तयार झालेला उमेदवार ठरवतो. तुम्ही पदवीसाठी दहा लाख मोजले की दोन, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं.

तिसरं दार गेल्या काही वर्षांत रुंद झालंय आणि पालकांना त्याची फारशी कल्पना नसते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांप्रमाणे कायद्याच्या कक्षेत आली. जोखमीनुसार अ, ब, क, ड असे त्यांचे चार वर्ग आहेत. वरच्या दोन वर्गांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. परवाना म्हणजे कागद, चाचण्यांचे अहवाल, जोखमीचं विश्लेषण, गुणवत्तेची आयएसओ १३४८५ प्रणाली. हे काम ज्याला यंत्र कळतं आणि नीट इंग्रजीत मुद्देसूद लिहिताही येतं, अशाच माणसाला जमतं. याला रेग्युलेटरी अफेअर्स म्हणतात. झगमगाट शून्य, पण चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर पगार चांगला वर जातो आणि शिफ्ट नसते. तुमच्या मुलीला लिहायची आवड असेल तर तिच्या कानावर घालून ठेवा.

सरकारी बाजूलाही थोडी हालचाल आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ पासून सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांची देखभाल खासगी संस्थांकडे सोपवण्याचा कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के, अशी त्यात अट आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या गावीही काम निर्माण झालंय. कंत्राटी आहे, हे मात्र विसरू नका.

आता कर्ज. १० लाख, दरवर्षी अडीच लाखांप्रमाणे उचललेले, व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण या काळात सरळव्याज चढतच असतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण साडेतीन लाख. म्हणजे हप्ते सुरू होतील त्या दिवशी देणं साडेतेरा लाख. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येतो साधारण १७,८४० रुपये आणि शेवटी बँकेत भरलेली रक्कम होते २१ लाख ४० हजारांच्या घरात. मुदत पंधरा वर्षं करून घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येईल, पण एकूण भरणा २६ लाखांच्या पुढे जाईल.

मुलीचा पहिला पगार हातात २५ हजार धरा. मी मुद्दामच कमी धरतोय, कारण हप्ता हा वाईट वर्षातही द्यावा लागतो. पुण्यात खोली, डबा, प्रवास यांत चौदा-पंधरा हजार सहज जातात. उरलेल्या दहा हजारांतून १७,८४० निघत नाहीत. मग ते कुठून येतील? सहकर्जदार म्हणून तुमची सही असणार, म्हणजे तुमच्याकडून. आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा : नोकरी सहा वर्षं उरली आहे. हप्ते पाचव्या वर्षानंतर सुरू होतील आणि एका वर्षात तुम्ही निवृत्त व्हाल. पुढची नऊ वर्षं हप्ता पेन्शनीतून किंवा फंडातून जाईल. थकला तर सिबिलवर डाग दोघांच्याही पडेल आणि मुलीला पुढे घरासाठी कर्ज घेताना तो आडवा येईल.

माझा ठोकताळा असा : हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसावा. २५ हजारांचा तिसरा हिस्सा आठ हजार तीनशे. उलटा हिशेब केला तर एवढ्या हप्त्यात साधारण साडेचार लाखांचं कर्ज बसतं. शिकत असतानाच तुम्ही दरमहा व्याज भरत गेलात तर सहा लाखांपर्यंत मजल जाते. दहा लाखांच्या कर्जावर असं व्याज भरायचं म्हटलं तर पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारांच्या आसपास आणि शेवटी आठ हजार तीनशेपर्यंत जाईल. अनेक बँका असं वेळेवर व्याज भरणाऱ्यांना दरात एक टक्का सवलतही देतात, शाखेत विचारा. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच आणि आठ वर्षंच. नवी प्रणाली निवडली असेल तर ती सवलत विसरा.

तेव्हा या कॉलेजात, या किमतीला, दहा लाखांच्या कर्जावर : नाही. पण बायोमेडिकलला नाही म्हणू नका. मुलीच्या आवडीला एवढ्या लवकर काट मारण्याचं कारण नाही, कारण ही पदवी स्वस्तात मिळवण्याचा रस्ता बहुधा तुमच्या हातात आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली असेल, तर कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ होतं. विनाअनुदानित कॉलेजातही होतं. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत, आणि मॅनेजमेंट कोट्याच्या जागाही. म्हणजे तुम्ही पत्रात लिहिलेला प्रवेशच नेमका असा आहे की ज्यात ही सवलत हातची जाऊ शकते! मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बायोमेडिकलची शाखा जुनी आहे. कॅपचा पसंतीक्रम भरताना ती वर घाला आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. फेरी सुरू झाल्यावर सेतू केंद्रात रांग लागते.

या गटांत बसत नसाल, तर दुसरी वाट. सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्यायचं, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प वैद्यकीय यंत्रावर करायचा आणि पुढे गेट देऊन एम.टेक. बायोमेडिकल. आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एम.टेक.ला इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकलची मुलंही जातात. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. गेटवर प्रवेश घेतलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे दुसरी पदवी कर्जाशिवाय होऊ शकते. त्याच आयआयटीत राज्य शासनाच्या मदतीने २०१४ साली सुरू झालेलं बेटिक नावाचं केंद्र आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर तिथे एकत्र बसून उपकरणं घडवतात. तुमच्या मुलीला जे करायचंय ते मला वाटतं याच्या जवळपासचं आहे.

मेहुण्यांना सांगा, कॉम्प्युटरलाही हाच हिशेब लागू आहे. दुय्यम कॉलेजातलं दहा लाखांचं कॉम्प्युटर काही आपोआप फिटत नाही.

प्रवेशाआधी एक करा. साताऱ्यातल्याच एखाद्या मोठ्या रुग्णालयात ओळख काढून मुलीला एक दिवस बायोमेडिकल विभागात बसवा. ती संध्याकाळी पंप कसा उघडला ते सांगत घरी आली, तर तुमच्या अर्ध्या शंका मिटतील. आणि तिथल्या इंजिनिअरला त्याचा पहिला पगार विचारायला तिला सांगा, तुम्ही विचारू नका. पोरांना खरं सांगतात.

प्रश्न : मी पुण्यात बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एम.एस. करायचा विचार आहे. तिकडे बायोमेडिकल इंजिनिअरला वर्षाला एक लाख डॉलर मिळतात असं वाचलं. ४० लाखांचं कर्ज काढणं शहाणपणाचं ठरेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : आकडा बरोबर वाचलास. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२३ साठी दिलेला मध्यक पगार १,००,७३० डॉलर आहे. पण तो सगळ्या वयांचा आहे, वीस वर्षं मुरलेले आणि पीएच.डी. झालेलेही त्यात आले. मला त्याच विभागाचा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. २०२३ मध्ये तिथे या पेशात जेमतेम १९,७०० नोकऱ्या होत्या आणि मेकॅनिकल इंजिनिअरांच्या पावणेतीन लाखांहून जास्त. मेकॅनिकलचा मध्यक पगार ९९,५१० डॉलर, म्हणजे जवळपास तेवढाच. पगारात फरक नाही, जागांमध्ये आहे. तिकडच्या उपकरण कंपन्याही मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची माणसं सर्रास घेतात.

अमेरिकी शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड पाहा. कॉलेजनिहाय आणि शाखानिहाय पदवीधरांची कमाई आणि कर्ज दोन्ही तिथे दिसतं, आपल्याकडे असं काही असायला हवं होतं असं वाटतं. पण त्यातली कमाई फक्त सरकारी शिक्षणसाहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. परदेशी विद्यार्थ्याला ते मिळत नाही, म्हणजे तुझ्यासारख्या कुणाचाही पगार त्या आकड्यात नाही. तिथे दिसणारं कर्जही सरकारी विद्यार्थी कर्जापुरतं असतं, तुझ्या चाळीस लाखांशी त्याची तुलना करू नकोस.

तुझ्या बाबतीत व्हिसा हाच पगार ठरवतो. ४० लाखांवर ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता ५५ हजारांच्या आसपास येतो, आणि यात शिकतानाचं व्याज अजून धरलेलंच नाही. डॉलरमध्ये सहा-साडेसहाशे, म्हणजे तिकडे नोकरी असेल तर फार नाही. पण ‘स्टेम’ पदवीवर मिळणारी ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची मुभा, तीन वर्षांची आणि त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लॉटरीने. वर्षाला ८५ हजार व्हिसांची मर्यादा, त्यात आयटीवाल्यांची झुंबड. तीन वर्षांनी परत यावं लागलं, तर तो ५५ हजारांचा हप्ता पुण्याच्या पगारातून भरायचा आहे. त्यामुळे मी तरी जायचा निर्णय तीन वर्षांतच बहुतेक कर्ज फिटेल असा हिशेब जमला तरच घेईन. त्यासाठी संशोधन सहायकपद मिळून फी माफ होण्याची शक्यता असलेले, प्रबंध करावा लागणारे अभ्यासक्रम आधी पाहा. प्राध्यापकांना अर्जाच्या आधीच लिही.

आणि जर्मनीचा विचार केलास का? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं. म्युनिकच्या टीयूएमसारखे अपवाद आहेत. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे कर्ज चाळीस लाखांवरून बरंच खाली येतं. एर्लांगेनच्या विद्यापीठात वैद्यकीय अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे आणि सीमेन्स हेल्थिनीअर्स कंपनीही त्याच गावात आहे. वर्ग इंग्रजीतून मिळतील, पण नोकरीच्या मुलाखतीला जर्मन लागेल आणि तेही बी-२ पर्यंत. त्यासाठी लागणारं वर्ष-दीड वर्ष आणि क्लासची फी हिशेबात धर. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, नव्या तुकडीची चौकशी याच महिन्यात कर.